फाल्गुनातील रानफुले आणि प्राथमिक शाळा



माघ सरत आला की रानातील पाने गळू लागतात आणि वरवर पाहणाऱ्यास सारा माळ ओसाड भासतो. परंतु याच दिवसांत निष्पर्ण पळसावर केशरी फुलांचे झुबके येतात, काटेसावरीची पाच मांसल पाकळ्यांची लाल फुले उमलतात, पांगारा फुलतो. डोंगरउतारावर धायटीच्या फांद्या बारीक लाल फुलांनी भरून जातात आणि करवंदीच्या जाळीत शुभ्र, सुवासिक फुले दिसू लागतात. मैना, शिंजीर आणि मधमाशा यांना उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणारा मध बराचसा अशाच फुलांतील असतो.

हे वैभव शाळेच्या दाराशी असूनही पुष्कळ मुलांना गुलाब आणि कमळ यांपलीकडे फुलांची नावे सांगता येत नाहीत. यात मुलांचा दोष नाही. फूल दाखवून नाव सांगणारे त्यांना कोणी भेटले नाही, इतकेच.

ही उणीव लहान नव्हे. ज्याचे नाव ठाऊक नाही ते नुसते ‘झुडूप’ ठरते. मग त्यावर कोयता चालविताना किंवा बांध पेटविताना हात अडखळत नाही. फाल्गुनात फुललेली करवंदीची जाळी वणव्यात जळाली, तर वैशाखात त्या जाळीची करवंदे मिळत नाहीत. फूल आणि फळ यांचा हा संबंध मुलाला प्रत्यक्ष दाखविता येतो. त्यास निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

या कामास खर्च नाही. वर्गात एक वही ठेवावी. तीत झाडाचे गावातील नाव, पहिले फूल दिसल्याची तारीख, जागा आणि फुलावर आलेला पक्षी वा कीटक यांची नोंद मुलांनी करावी. नाव अडल्यास घरच्या आजीला किंवा गुराख्याला विचारावे. मादागास्करातून आलेला गुलमोहर, अमेरिका खंडातून आलेली टणटणी व गिरिपुष्प यांना वेगळा रकाना द्यावा. फुले तोडू नयेत, अनोळखी फूल तोंडात घालू नये. गळून पडलेली पळसफुले मात्र वेचून आणावीत; ती पाण्यात उकळली की रंगपंचमीचा रंग तयार होतो.

त्याच झाडांची नोंद दरवर्षी होत गेली, तर पाच वर्षांत ती वही गावाच्या रानाची साक्ष होईल. आणि ज्या मुलाने पळसाचे पहिले फूल आपल्या हाताने वहीत नोंदविले, ते मूल पुढे त्या झाडावर सहजी कुऱ्हाड पडू देणार नाही.