बोला, पण पावती जपून बोला



कपाशीचे बियाणे उगवत नाही. तक्रार करायला निघाले की दुकानदार म्हणतो, "बदनामीची केस लावीन." आपला माणूस तिथेच गार. म्हणून आज या कायद्याविषयी बोलू.

कायदा 1860 चा. दंड संहितेची 499 आणि 500 ही कलमे 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचे कलम 356 झाली. सजा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षा तेवढी नवी. अब्रूपायी तुरुंग कशाला, नुकसानभरपाई पुरे, असे माझे मत. पण सुप्रीम कोर्टाने 2016 साली हा गुन्हा घटनेला धरून आहे असे ठरवले. तेव्हा तो आहे हे धरूनच चालायचे.

बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरही आत गेले. 1882 साल. दिवाण बर्वे कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ करतात, असे 'केसरी' आणि 'मराठा'ने छापले. आधार बर्व्यांच्या नावावरच्या पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही चार महिन्यांची सजा झाली, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. कळवळा खरा होता, कागद खोटा होता. आणि बर्व्यांनाही अब्रू होतीच की!

आता दुकानदार जे सांगत नाही ते ऐका. या कलमाला दहा अपवाद आहेत. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर गुन्हा नाही. नुसती खरी असून भागत नाही, लोकहितही दाखवावे लागते. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने तक्रार केली तर तोही गुन्हा नाही. सद्भावना म्हणजे चांगले मन एवढेच नव्हे. नीट खातरजमा केलेली हवी.

म्हणून चावडीवर "तो चोर आहे" म्हणू नका. चोरी तुम्ही पाहिली नाही. लिहा: अमुक तारखेला, अमुक लॉटची पिशवी घेतली, इतके एकर पेरले, इतके उगवले. बिल, टॅग, रिकामी पिशवी जपा. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या, पंचनामा मागा.

सरकारी खात्याविषयी तर अधिक मोकळेपणाने बोला. सरकार किंवा स्थानिक संस्था आपल्या बदनामीची भरपाई मागू शकत नाही, असे सुप्रीम कोर्टाने 1994 साली सांगितले आहे.

तरीही वकिलाची नोटीस आलीच, तर घाबरून माफीनाम्यावर अंगठा देऊ नका. पाकिटासकट ठेवा, मिळाल्याची तारीख टाका आणि आपल्या वकिलाला दाखवा.