विहिरीतून समुद्रात

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचे छंद' असा विषय दिला होता. माझ्याआधीच्या वक्त्यांनी बागकाम, भजनी मंडळ आणि नातवंडं हे सगळं उरकलेलं असल्यामुळे मी एकाच गोष्टीवर बोलते. मालवणच्या समुद्रात पोहायला जाणं, आणि तिथं तोंडात नळी धरून पाण्याखाली काय आहे ते बघणं. याला हल्ली सगळे स्नॉर्केलिंग म्हणतात. मराठीत त्याला चांगला शब्द नाही, म्हणून आम्ही आपसात 'डोकं बुडवणं' म्हणतो.

माणदेशातल्या बाईनं समुद्रावर बोलावं, यात थोडी गंमत आहेच. आपलं निम्मं आयुष्य ढगाकडं बघण्यात गेलं. पण पोहणं आपल्याला परकं नव्हतं. निदान अर्ध्या वर्गाला नव्हतं. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत ढकलून द्यायचं, ही मुलांची पोहण्याची शाळा. दोन उन्हाळ्यांत पोरगं सूर मारायला लागायचं. मुली काठावर धुणं धूत बसायच्या. मुलींनी का नाही, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलंच होतं. मी पोहायला शिकले ती ५६ व्या वर्षी, कोल्हापुरात, बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये. माझ्या शेजारी फळी धरून पाय मारणारी मुलगी सात वर्षांची होती आणि माझ्याआधी तिची फळी सुटली.

गेल्या जानेवारीत आमच्या तुकडीतले सतरा जण मालवणला गेलो. नऊ बायका, आठ बाप्ये. कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल आणि मालवण असा रस्ता. मुक्काम तारकर्लीला होता. तारकर्लीहून पुढं देवबागपर्यंत जमिनीची पट्टी निमुळती होत जाते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. नकाशात बघितलं होतं, पण एका वाडीतून चालत दोन्ही पाण्यांवर जाऊन येता येतं हे पायाखाली आल्यावरच पटलं.

वाळूवरच्या समुद्राबद्दल मी फार बोलत नाही, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपण कोकणात जातो, गुडघाभर पाण्यात उभे राहतो, फोटो काढतो, सुरमई खातो आणि परत येतो. समुद्राच्या वरच्या पत्र्याला हात लावून आल्यासारखं आहे ते. खरी वस्ती पत्र्याखाली आहे, आणि मालवणात ती किनाऱ्यापासून फार लांब नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली इथल्या सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राला सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे, पण तो आजचा विषय नाही.

आता प्रत्यक्ष पाण्यात काय होतं ते सांगते.

डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा काचेचा मास्क असतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची. ऐकायला कसंसंच वाटतं, पण जगभर हेच करतात. नळी तोंडात धरायची आणि पालथं तरंगायचं. नाकानं श्वास बंद. पहिली दोन मिनिटं माणूस घाबरतोच, कारण तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा नाही हे आपण जन्मापासून शिकलेलो असतो. आमच्यातल्या एकानं विचारलं, "नळी एवढीशीच का? दोन मीटरची असती तर खाली जाऊन बसलो असतो." नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरच असते, कारण थोडं जरी खोल गेलं तरी पाण्याचा छातीवरचा दाब इतका वाढतो की वरची हवा खाली ओढून घेणं फुप्फुसांना झेपत नाही. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत येते. हे उत्तर आमच्याबरोबरच्या मालवणी मुलानं दिलं, बारावी झालेल्या.

आणि पाण्यात सगळं मोठं दिसतं. आपल्या विज्ञानाच्या सरांनी वाटीत नाणं ठेवून, पाणी ओतून दाखवलेलं वक्रीभवन आठवतंय? तेच. पाणी आणि मास्कमधली हवा यांच्या सीमेवर किरण वाकतात, म्हणून वस्तू खऱ्यापेक्षा पाऊणपट अंतरावर आणि एक तृतीयांशानं मोठी दिसते. बाहेर येऊन "हाताएवढा मासा पाहिला" असं जो कोणी सांगेल, त्याच्या माशातून चौथा हिस्सा वजा करायचा.

मी काय पाहिलं? आधी काही नाही. हिरवट धूसर पाणी आणि माझे स्वतःचे हात. मालवणचं पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखं काचेचं नसतं. जाहिरातीतले व्हिडिओ बघून जाणाऱ्यांची निराशा होते, आणि ते रास्त आहे. पण डोळे सरावले की खडक हळूहळू भरायला लागतो. सोनेरी-तपकिरी शेवाळाची झुडपं लाटेबरोबर सगळी एकदम डावीकडं, सगळी एकदम उजवीकडं झुकतात, वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी. काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे अंगाला लागतील इतके जवळून गेले. एक निळसर पोपटमासा खडक खरवडत होता, आणि त्याचा कुरकुर आवाज मला ऐकू आला. पाण्यात आवाज असतो हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग एक गोल, पिवळसर, मेंदूसारखा दगड दिसला. मी दमले होते, पाय टेकवायला गेले तर त्या मुलानं माझा दंड धरून वर उचललं आणि डोकं पाण्याबाहेर आल्यावर म्हणाला, "काकी, तेच्यार पाय ठेवू नकात. ता जिवंत आसा." तो दगड नव्हता, हजारो बारीक जिवांची वसाहत होती. त्या प्रत्येक जिवाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, तीच उन्हावर अन्न करतात आणि तीच त्याला रंग देतात. पाणी फार तापलं की ही शैवालं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतं. असं गोल प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. माझ्यासमोरचं टोपलीएवढं होतं. ते बहुधा मी बॅडमिंटनच्या संघात होते तेव्हापासूनचं असावं. आणि एका टाचेनं मोडलं असतं.

म्हणून एक तक्रार इथं बोलून घेते. आम्हाला नेणारी मंडळी चांगली होती, पण शेजारच्या होडीतला माणूस पर्यटकांना मासे जवळून दिसावेत म्हणून पावाचे तुकडे टाकत होता, आणि त्याची गिऱ्हाइकं खडकावर उभी राहून एकमेकांचे फोटो काढत होती. जाल तेव्हा पाव टाकणारी होडी घेऊ नका. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. तुम्ही सांगितल्याशिवाय हे थांबणार नाही, कारण त्याचा धंदा तुमच्या मागणीवर चालतो.

दुपारी किल्ल्यावर गेलो. १६६४ ते १६६७ या काळात महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्यातले सगळे माणदेशी तट-बुरूज सोडून त्या विहिरींत वाकून बघत बसले. एवढी पाणी बघायची सवय आपल्यालाच असते.

आता जरा वेगळं बोलायचं आहे, आणि मुद्दाम मोठ्यानं बोलायचं आहे.

आमच्या सतरा जणांत विहिरीत पोहलेले सहा बाप्ये होते. त्यातला एक तर आपल्या गावचा नावाजलेला. नाव घेत नाही, तो समोरच बसला आहे. तो तारकर्लीला पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, मला जॅकेट कशाला? दहा मिनिटांनी तो स्वतःच येऊन जॅकेट घालून गेला. त्यानं दिलेलं कारण मला फार आवडलं: "विहिरीला काठ असतो. कुठंही गेलं तरी चार हातांवर धरायला दगड. इथं धरायलाच काही नाही." खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं हे खरं. पण विहिरीचं पाणी उभं असतं आणि समुद्राचं चालत असतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरानं परत जातं. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि लोक तिथंच उतरतात. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही, त्यात दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं, मग लाटेबरोबर आत यायचं. ज्याला पोहता येत नाही त्याला यातलं काहीच करता येत नाही.

कोकणातली जुनी माणसं भरती-ओहोटी तिथीवरून सांगतात, ते आपल्यालाही जमेल. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती साधारण सहाला आणि पूर्ण ओहोटी बाराच्या सुमारास. जागेप्रमाणे फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्याला विचारायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्याची ओढ कमी, गाळही कमी ढवळतो. आम्ही भांगाचे दिवस बघूनच गेलो होतो, आणि सकाळी वारा सुटायच्या आत पाण्यात उतरलो.

बायकांसाठी एक: ओढणी आणि साडी काठावर ठेवायची. ओला कपडा पायात गुंडाळला की पोहता येणारीही अडकते. आम्ही नऊजणी पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट आणि लेगिंग घालून उतरलो. पहिला दिवस एकमेकींकडं बघून हसण्यात गेला, दुसऱ्या दिवशी कुणाचं लक्षही नव्हतं.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून सहलीला आलेले आठ जण गेले. वायरी तारकर्लीच्या वाटेवरच आहे. आमची गाडी तिथून गेली तेव्हा गाणी चालू होती, ती कुणीतरी न बोलता बंद केली. ही मुलं घाटावरची होती. आपलीही मुलं सहलीला तिकडंच जातात.

आणि आपल्या मुलांना आता विहीरही शिकवत नाही. विहिरी आटल्या किंवा बुजवल्या, बोअरमध्ये पोहता येत नाही. उलट टेंभूचं पाणी आलं, कालवे भरून वाहतात, शिवारात शेततळी झाली. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणजे पाणी नव्हतं तेव्हा आपल्याला पोहता येत होतं, आणि पाणी आलं तेव्हा पोरांना येत नाही.

आज दुपारच्या सभेत माजी विद्यार्थी निधीचं काय करायचं हे ठरणार आहे. प्रवेशद्वाराची कमान असा एक प्रस्ताव आहे. कमान चांगलीच दिसेल, मी तिच्या विरोधात नाही. माझा प्रस्ताव दुसरा आहे: आठवी-नववीच्या प्रत्येक मुला-मुलीला उन्हाळ्यात तीन आठवडे पोहणं शिकवायचं. शाळेत तलाव बांधा असं मी म्हणत नाही, टँकरचं पाणी प्यायलेल्या गावात ते शोभणार नाही. तालुक्याला तलाव आहे. लागते ती बस, तलावाची फी, आणि मुलींच्या बॅचला शिकवायला बाई. बाई मिळतात, मी बोलून ठेवलं आहे. खर्चाचा कागद खजिनदारांकडे दिला आहे. त्यात चार वर्षं मुलांचे आणि मुलींचे दोन्ही वर्ग निघतात, आणि कमान एक वर्ष पुढं जाते. मुलींची बॅच आधी धरली आहे. यावर कुणाची हरकत असेल तर ती सभेत घ्यावी, मी तिथं आहेच.

येत्या जानेवारीत मालवणला पुन्हा जायचं ठरतंय. त्याची यादी मागच्या टेबलावर, पाण्याच्या जारशेजारी ठेवली आहे. गाडीत अकरा जागा शिल्लक आहेत. नावापुढं पोहता येतं की नाही ते लिहा. येत नसलं तरी चालेल, जॅकेट घालून आमच्याबरोबर तरंगा. मास्क माझ्याकडे दोन जादा आहेत.