वरून आलेला निरोप

आपल्या राजकारणात 'वरून' नावाचा एक शब्द आहे. तिकीट वरून आले, नाव वरून ठरले, माघारीचा निरोप वरून आला. हे 'वर' कुठे आहे ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. नगरसेवकाचे वर ठाण्याला असते, आमदाराचे मुंबईला आणि मुख्यमंत्र्याचे दिल्लीला. मी कविता लिहिणारा माणूस. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की बी.ए.ला राज्यशास्त्र घेतले होते आणि सारा जन्म कल्याणात काढल्यामुळे हा शब्द सगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकला आहे.

२७ नोव्हेंबर २०२४ चा दिवस आठवून पाहा. विधानसभेचे निकाल लागून चार दिवस झाले होते, मुख्यमंत्री ठरत नव्हता. त्या दिवशी एकनाथ शिंदे यांनी ठाण्यात पत्रकारांना बोलावून सांगितले, की पंतप्रधान आणि अमित शहा जो निर्णय घेतील तो आपल्याला मान्य आहे. अडीच वर्षे मुख्यमंत्री राहिलेला, ५७ आमदार निवडून आणलेला नेता, आपल्याच शहरात बसून निर्णय दिल्लीवर सोपवत होता. ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि शिंदे उपमुख्यमंत्री. गंमत अशी, की ३० जून २०२२ ला नेमके उलटे घडले होते. आपण सरकारबाहेर राहणार असे फडणवीस यांनी दुपारी जाहीर केले आणि पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वाचा निरोप आल्यावर संध्याकाळी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. दोघांनाही निरोप आला, दोघांनीही तो मानला. हे आजचे नाही, एका पक्षाचेही नाही, म्हणून तर त्याविषयी बोलायचे.

महाराष्ट्र आणि दिल्ली म्हटले की आपल्याकडे गोष्ट यशवंतराव चव्हाणांपासून सुरू होते. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनचे आक्रमण झालेले असताना, नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा सगळे अभिमानाने म्हणाले. पुढे ते गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री झाले, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधानही झाले. पंतप्रधान मात्र झाले नाहीत. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आजही विषय निघतो, मराठी माणूस पंतप्रधान कधी होणार? गुजरातचा मुख्यमंत्री झाला, कर्नाटकचा झाला, आंध्रचा झाला, उत्तर प्रदेशचे दोघे झाले. तसे पाहिले तर आमच्या ठाणे जिल्ह्याचाही मुख्यमंत्री पंतप्रधान झाला आहे. मोरारजी देसाई १९५२ ते १९५६ मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि ठाणे त्याच राज्यात होते. पण ते कोणी मोजत नाही. हुतात्मा चौक ज्याने पाहिला आहे त्याला कारण सांगावे लागत नाही.

मला त्या पंतप्रधानपदाची फारशी हळहळ वाटत नाही. सह्याद्री उत्तरेला गेल्यावर इकडे काय झाले, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. सुरुवातीला बरे चालले. वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत सलग मुख्यमंत्री होते. त्यानंतरचा हिशेब पाहा. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत सहा मुख्यमंत्री. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार. सहाही जणांचा पक्ष सत्तेत पक्का होता. विधानसभेत बहुमत होते. बदल विधानसभेत ठरतच नव्हते.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले, ते केवळ आमच्यातला एक जण झाला म्हणून नव्हे. कोकणातला माणूस मुख्यमंत्री झाला याचा आनंद शेजारच्या वैद्य काकूंनाही होता. माणूस धडाक्याचा होता. कुलाबा जिल्ह्याचे रायगड त्यांनी केले, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे केले, निराधारांसाठी दरमहा पैसे द्यायची योजना काढली. मग सिमेंट वाटपाचे प्रकरण आले. सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी जोडला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुले गेले. जायलाच हवे होते. पण त्या ट्रस्टपैकी एकाचे नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान होते, हे विसरू नये. ज्याला दिल्लीने बसवले त्याला आपली निष्ठाही दिल्लीच्याच नावाने कोरून ठेवावी लागते. आमची दादी निरक्षर होती. तिने अब्बांना विचारले, "याला निवडलं कोणी होतं?" अब्बा म्हणाले, "बाईंनी." "आणि आता जो येणार त्याला?" "बाईंनीच." दादी पुन्हा तांदूळ निवडायला लागली. आलेले बाबासाहेब भोसले यांचे नाव त्या दिवसापर्यंत मोहल्ल्यात कोणी ऐकले नव्हते.

वसंतदादांसारखा माणूस, ज्याच्या शब्दावर सांगलीपासून अर्धा महाराष्ट्र हलायचा, त्याला न विचारता १९८५ मध्ये प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमले गेले. दादांनी राजीनामा दिला. या सगळ्या काळात मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला उत्तर देणारा तो एकच प्रसंग मला आठवतो.

दिल्लीलाच बोल लावणे मात्र सोयीचे होईल. १९९५ ला युतीचे सरकार आले तेव्हा रिमोट कंट्रोल वांद्र्याला होता आणि तसे उघड सांगितलेही जायचे. मनोहर जोशी १९९९ च्या जानेवारीत मुख्यमंत्रिपदावरून गेले ते मातोश्रीच्या निरोपाने. आणि कधीकधी निरोप खालून वरही गेला आहे. ठाणे लोकसभेची जागा रामभाऊ म्हाळगी यांच्यापासून भाजपच्या घराण्यातली. १९८९ आणि १९९१ ला प्रा. राम कापसे तिथून निवडून आले होते. १९९६ ला आनंद दिघे यांनी ती शिवसेनेकडे मागितली आणि देशात सत्तेची स्वप्ने पाहणाऱ्या पक्षाला बसलेला खासदार बाजूला करून ती सोडावी लागली. प्रकाश परांजपे खासदार झाले. दिघे यांच्या कारभाराविषयी माझे मत वेगळे असले तरी दिल्ली एका जिल्हाप्रमुखापुढे नमते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

माझ्या डोंबिवलीच्या मित्राचा मुलगा कॅनडात टोरांटोजवळ असतो. २०२५ मध्ये तिथे दोन निवडणुका पाठोपाठ झाल्या, फेब्रुवारीत ऑन्टारिओ प्रांताची आणि एप्रिलमध्ये देशाची. तो फोनवर सांगत होता ते ऐकून मी चाट पडलो. ऑन्टारिओचे मुख्यमंत्री डग फोर्ड, तिकडे त्यांना प्रीमियर म्हणतात, कॉन्झर्व्हेटिव्ह. देशातल्या कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते पिएर पॉलिएव्ह. पण फोर्ड यांनी त्यांच्यासाठी प्रचारच केला नाही. पॉलिएव्ह देशात हरले आणि ऑन्टारिओतला स्वतःचा मतदारसंघही हरले. आपल्याकडे अशा मुख्यमंत्र्याचे काय झाले असते? तिकडे काही झाले नाही, कारण प्रांताचा पक्ष आणि देशाचा पक्ष या नावे सारखी असलेल्या दोन वेगळ्या संस्था आहेत. फोर्ड यांना नेमणारा किंवा काढणारा ओटावात कोणी बसलेला नाही.

याची किंमतही ते मोजतात. प्रांताचा माजी मुख्यमंत्री तिथे १८९६ नंतर पंतप्रधान झालेला नाही. नोव्हा स्कोशियाचे रॉबर्ट स्टॅनफिल्ड देशाचे नेते झाले आणि १९६८, १९७२, १९७४ अशा तीन निवडणुका ओळीने हरले. सॅस्कॅचेवानचे टॉमी डग्लस राष्ट्रीय पक्षाचे नेते झाले. सत्तेच्या जवळही गेले नाहीत. पण या डग्लस यांच्या प्रांताने १९६२ मध्ये सरकारी खर्चाने सर्वांना डॉक्टर देणारी योजना सुरू केली, डॉक्टरांचा संप सोसला, आणि चार वर्षांत देशाने त्यासाठी कायदा केला. आज कॅनडाचा माणूस ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान बाळगतो ती एका शेतकरी प्रांतात जन्मली.

आता आपल्याकडे या. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या कारकुनाच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते मुळात दुष्काळी गावातल्या बाईच्या हाताला काम द्यावे म्हणून. किती जणांना हे ठाऊक असते? २००५ मध्ये संसदेने त्याच धर्तीवर देशाचा कायदा केला. यशवंतराव दिल्लीला गेले याचा आपण साठ वर्षे अभिमान मिरवला. पण पागे यांची योजना दिल्लीला गेली, त्याचा एखादा चौक तरी कुठे आहे? माझ्या मते महाराष्ट्राचे दिल्लीतले खरे वजन तेच होते. एका विधान परिषदेच्या सभापतीने ते मिळवले, दिल्लीत बंगला न घेता.

राज्याला स्वतःचे काही करता यावे यासाठी त्याला थोडी निर्भयता लागते. कॅनडात प्रांताचा कायदा रद्द करण्याचा अधिकार केंद्राकडे कागदावर आहे, पण १९४३ नंतर तो वापरलेला नाही. आपल्याकडे १९८० च्या फेब्रुवारीत पवारांचे पुलोद सरकार बरखास्त झाले, कारण दिल्लीत सत्ता बदलली होती. १९९४ च्या बोम्मई निकालाने असे करणे अवघड करून ठेवले. अवघड म्हणजे अशक्य नव्हे. २३ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट पहाटे उठली आणि सकाळी आठच्या सुमारास शपथविधी झाला तेव्हा आम्ही अजून दूध तापवत होतो. ते सरकार चार दिवसही टिकले नाही. २०२२ ला पुन्हा सरकार बदलले, तेव्हा त्याचे भवितव्य सुरत आणि गुवाहाटीच्या हॉटेलांत ठरत होते.

इथपर्यंत मी दिल्लीच्या दाराशी उभे राहून बोललो. आता मान वळवून खाली बघू. कल्याण-डोंबिवलीचा माणूस सकाळी घराबाहेर पडतो. गटार महापालिकेचे, रस्ता कधी पालिकेचा तर कधी राज्याचा, फलाट रेल्वेचा म्हणजे दिल्लीचा. लोकलचे प्रकल्प करण्यासाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन स्थापन झाले, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९. पालिकेचा शून्य. आमचा पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला. नवा बांधायचा राज्याच्या महामंडळाने, रुळांवर ब्लॉक द्यायचा रेल्वेने, आणि कोंडीत उभे राहायचे आम्ही. तो २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. तरीही ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसे खाली पडली, त्यातली काही परत घरी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला जाब विचारायचा, यावरच चर्चा झाली.

आणि वर तक्रार करणारी मुंबई खाली कशी वागते? आमच्या सत्तावीस गावांची गोष्ट ऐका. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ती आत घेतली. २००२ मध्ये बाहेर काढली. २०१५ मध्ये पुन्हा आत. मार्च २०२० मध्ये त्यातली अठरा पुन्हा बाहेर, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, बहिष्कार टाकले, पण फाइल प्रत्येक वेळी मंत्रालयात हलली. या काळात मंत्रालयात सगळ्या रंगांचे लोक बसून गेले. दिल्ली आमचे ऐकत नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी निळजे आणि घेसरचे ऐकले?

राज्यघटना म्हणते, पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक. १९९२ ची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती ती. आमच्या पालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. आधी साथ होती, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग एका सरकारने एका पद्धतीने पाडले आणि दुसऱ्याने ते मोडले. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावले. तोवर प्रशासकाचे राज्य. राज्यात राष्ट्रपती राजवट पंधरा दिवस राहिली तर आपण लोकशाहीच्या नावाने रडतो. इथे पाच वर्षांहून जास्त काळ पालिकेत लोकांचा एकही माणूस नव्हता आणि कोणाचे दूध उतू गेले नाही. या काळात ठाण्याचा माणूस मुख्यमंत्री होता. जुलै २०२५ मध्ये डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. वीस किलोमीटरच्या पट्ट्यात एवढी सत्ता यापूर्वी कधी नांदली नव्हती.

१५ जानेवारी २०२६ ला एकदाचे मतदान झाले. उमेदवारीच्या याद्या अर्थातच वरून आल्या. काही प्रभागांत तर मतदानाआधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले, तिथे यंत्राचे बटण दाबायचाही प्रश्न उरला नाही. आमच्या इमारतीतली एक मुलगी त्या दिवशी रांगेत माझ्या पुढे उभी होती. यापूर्वीची पालिका निवडणूक २०१५ च्या नोव्हेंबरात झाली तेव्हा ती दहावीत होती. दोनदा खासदारासाठी आणि दोनदा आमदारासाठी तिने मत दिले होते, नगरसेवकासाठी मात्र पहिल्यांदाच आली होती. मतदार यादीत तिच्या नावापुढे वय लिहिले होते, २५.