होबोकेनचा धक्का आणि १२ मतं



भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सीतली आपली बरीच कुटुंबं त्यांना एखाद्या संध्याकाळी होबोकेनला घेऊन जातात. हडसन नदीच्या काठी हिरवळीवर सतरंजी अंथरायची, समोर मॅनहॅटनचे दिवे लागताना बघायचे, डब्यातला चिवडा संपवायचा आणि घरी यायचं. तिकीट नाही, कुणी हटकत नाही. आज याच जागेबद्दल बोलणार आहे. आपल्याला ती फुकट मिळते, पण गावाला ती फुकट मिळालेली नाही.

आपण बसतो तो 'पिअर ए'. पिअर म्हणजे आपल्या भाषेत धक्का. आपल्या भाऊच्या धक्क्यासारखा, बोटी लागण्याचा. एके काळी या काठावर जर्मन कंपन्यांच्या मोठमोठ्या बोटी लागत. ३० जून १९०० रोजी इथे कापसाच्या गाठींनी पेट घेतला, आग धक्क्यांवरून बोटींवर गेली आणि ३०० हून अधिक माणसं दगावली. पुढे पहिल्या महायुद्धात सरकारनं हे धक्के ताब्यात घेतले. हजारो अमेरिकन सैनिक इथूनच युरोपला निघाले.

मग कंटेनरचा जमाना आला. कंटेनर उतरवायला मागे प्रशस्त मोकळी जागा लागते. होबोकेन तर जेमतेम एक-दोन चौरस मैलांचं गाव! माल नुअर्क आणि एलिझाबेथच्या बंदरांकडे वळला आणि इथले धक्के ओस पडले.

ओस पडलेल्या काठावर उंच इमारती बांधायची योजना आली. शहराला पैसा हवाच होता. पण काठ एकदा खासगी झाला की परत मिळत नाही, असं काही रहिवाशांना वाटलं. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि प्रश्न मतदानाला नेला. १९९० साली ती योजना पडली, किती मतांनी? अवघ्या १२! १९९२ साली पुन्हा मतदान झालं, पुन्हा योजना नाकारली गेली. त्यानंतरच्या आराखड्यात इमारती रस्त्याच्या आतल्या बाजूला गेल्या आणि पाण्याकाठची जागा सगळ्यांसाठी राहिली. १९९९ साली 'पिअर ए' बाग म्हणून खुला झाला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण धक्क्याचं खरं दुखणं पाण्याखाली असतं. जुने धक्के लाकडी खांबांवर उभे असतात. नदी घाण होती तेव्हा लाकूड पोखरणारे जीव त्या पाण्यात फारसे टिकत नव्हते. १९७२ च्या कायद्यानंतर पाणी हळूहळू स्वच्छ झालं, आणि हे जीवही परतले! त्यातला एक तर दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्या जातीचा. होबोकेनमध्येच कासल पॉइंट आणि सिनात्रा पार्कपाशी काठ खचला, त्याला हेच पोखरणं कारण ठरलं. म्हणून पाणबुडे उतरवून खांब तपासावे लागतात, सडलेले बदलावे लागतात. बाकं आणि दिवे सगळ्यांना दिसतात. हा खर्च मात्र कुणाला दिसत नाही, आणि बजेटात कात्री आधी त्यालाच लागते.

याच काठावर जुन्या गोदीची एक जागा अनेक वर्षं वादात होती. ती २०२२ साली शहरानं विकत घेतली, तीही लोक वर्षानुवर्षं सभांना जात राहिले म्हणून.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांना इथे अजून मताचा हक्क नाही. त्यामुळे 'हे त्यांचं गाव, त्यांनी बघावं' असं आपण सहज म्हणतो. पण न्यू जर्सीत नगरपालिकेच्या सभेत लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो, तसा कायदा आहे. तिथे बोलायला मतदार असावं लागत नाही. तुम्ही एडिसनला असा की जर्सी सिटीला, तुमच्या गावातही एखादा काठ, एखादं मैदान, एखादी जुनी इमारत असेलच. त्यावर सभा असेल त्या संध्याकाळी एकदा जाऊन बसा. मुलांनाही न्या.

१२ मतं म्हणजे आपल्या गणपतीच्या आरतीला एका घरात जमतात तेवढी माणसं. तेवढ्यांनी एक अख्खा नदीकाठ राखला.

पुन्हा भेटूच. नमस्कार!