‘कशावरून?’ असं विचारलं की निबंध सुरू होतो

मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या बचत गटांचं काम बघते. नेहमी हप्ता, व्याज, बँक असंच बोलते. आज मात्र निबंधाबद्दल बोलणार आहे. कारण आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींनी सुटलेलं शिक्षण पुन्हा धरलंय, आणि त्यांची गाडी अडते ती इथंच.

मागच्या महिन्यात बैठक संपली, बाया उठायला लागल्या, तशी एक ताई माझ्याजवळ येऊन बसली. बारावीनंतर लगेच लग्न झालेलं. पोरगी आठवीत गेल्यावर हिनं बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. पिशवीतून तिनं चार कागद काढले. घरून लिहून द्यायचा निबंध होता, तो केंद्रावरून परत आला होता. विषय असा : महाराष्ट्रातील दुष्काळाचा स्त्रियांच्या जीवनावर झालेला परिणाम, चर्चा करा. सरांनी समासात लाल पेनानं तीन ठिकाणी एकच शब्द लिहिला होता, ‘कशावरून?’

ताई म्हणाली, “मॅडम, हे काही मला जमायचं नाही. फी भरली ती गेली समजायची.”

मी वाचायला घेतलं. पाणी म्हणजे जीवन, इथून सुरुवात. मग दुष्काळ ही भीषण समस्या आहे, शासनानं ठोस पावलं उचलावीत, प्रत्येकानं झाडं लावावीत. चार पानं भरलेली, अक्षर सुंदर, आणि चार पानांत एकही बाई नाही! सगळं गाईडमधून उतरवलेलं. मी रागावले नाही, कारण मीही हेच केलं होतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी आणि माझ्या मैत्रिणीनं एकाच गाईडमधून उत्तर लिहिलं, छपाईची चूकसुद्धा दोघींनी तशीच उतरवली. आता तर मोबाईलला विचारलं की तो आख्खा निबंध लिहून देतो. गाईड काय नि मोबाईल काय, त्याला तुमच्या विहिरीचं पाणी किती खोल गेलंय ते ठाऊक नसतं.

मी ताईला म्हटलं, गटात एखादी बाई शेळीसाठी कर्ज मागते तेव्हा आपण काय करतो? ती नुसतं म्हणाली की शेळीपालन हा उत्तम जोडधंदा आहे, तर पैसे देतो का? नाही देत. किती पाहिजेत, कशासाठी, चारा कुठून आणशील, हप्ता कशातून फेडशील, सगळं विचारतो. आणि एखादी हटकून म्हणते, “मागच्या वर्षी हिच्या जावेची शेळी मेली, तिचं काय?” त्यालाही उत्तर द्यावं लागतं. मग कुठं ठराव होतो. निबंधाचंही तसंच आहे. वाचणाऱ्याकडं तुम्ही काहीतरी मागताय, माझं म्हणणं मान्य करा म्हणून. तो ‘कशावरून?’ विचारणारच. त्यात अपमान काही नाही.

‘चर्चा करा’ या शब्दांकडं तर आपण बघतच नाही. वर्णन करा म्हटलं तर काय घडलं ते सांगायचं. तुलना करा म्हटलं तर दोन गोष्टी शेजारी ठेवून सारखेपणा नि फरक दाखवायचा. चर्चा करा म्हटलं की आपलं म्हणणं मांडायचं, पुरावा द्यायचा आणि उलट बाजूचं म्हणणंही विचारात घ्यायचं. प्रश्नच नीट वाचला नाही तर पुढं चार पानं लिहा नाहीतर चाळीस.

आता तुम्ही म्हणाल, हे शिकलेल्या घरच्या लोकांचं काम. म्हणून मी त्या दिवशी ताईला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजाची मुलगी, वय चौदा वर्षं. तिनं शाळेत निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ नावाच्या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. एका विद्यार्थिनीचा वहीतला निबंध पावणेदोनशे वर्षं होत आली तरी लोक वाचतात. का वाचतात?

तिनं ‘जातिभेद ही भीषण समस्या आहे’ असं लिहून सोडलं नाही. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढलं तरी आमची मुलं गप्प बसतात, कारण उष्टं अन्न मागायला त्याच दारात जायचं असतं, हे तिनं लिहिलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होतात, ते लिहिलं. हे कुठल्या गाईडात होतं? शिवाय नुसतं दुःख सांगून ती थांबत नाही, वाद घालते. वेद वाचायची आम्हाला बंदी आहे ना, मग आमचं धर्मपुस्तक कोणतं, आम्ही धर्माविना आहोत का, असा प्रश्न करते. समोरच्याचंच म्हणणं धरून त्याला कोंडीत पकडते. आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे की आपल्यातलीच माणसं एकमेकांना कमी लेखतात, हेही ती झाकून ठेवत नाही. चौदा वर्षांची पोर!

आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनीही १८८२ साली असंच केलं. ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिताना बायकांवर ठेवलेला एकेक आरोप घेऊन त्यांनी पुरुषांना उलट जाब विचारला. पण तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

तर आमच्या ताईनं पुन्हा लिहायला घेतलं. मी विचारलं, तुझ्या घरात दुष्काळ कुणी पाहिलाय? तिच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांच्या होत्या. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायच्या. सुकडी खाल्लेली, मिलोची लाल भाकरी खाल्लेली. ताई इतकी वर्षं त्या घरात नांदली, पण हे कधी बैजवार विचारलं नव्हतं. दोन रात्री बसून तिनं ऐकलं आणि वहीत टिपून घेतलं.

मग ती दुसऱ्या टोकाला गेली. सगळा निबंध सासूबाईंची कहाणी झाला, पुस्तकातलं काहीच नाही. मी म्हटलं, एका घरात घडलं ते सगळ्या महाराष्ट्रात घडलं, कशावरून? तेव्हा केंद्रावर गेल्या दिवशी ती शहरातल्या ग्रंथालयात दोन तास बसली. त्या दुष्काळातल्या कामांमधूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, तो विधिमंडळानं १९७७ साली केला आणि १९७९ पासून लागू झाला, हे तिला तिथं सापडलं. कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, तेही टिपून आणायला मी सांगितलं होतं. दुसऱ्याचं घेतलं तर नाव सांगून घ्यायचं. गटात उसनवारी वहीत लिहितोच की आपण. आणि वाचलं की पुस्तक मिटायचं, मग आपल्या शब्दांत लिहायचं. पुस्तक समोर उघडं असलं की हात आपोआप उतरवत जातो.

‘दुष्काळानं बाईचं फक्त नुकसानच केलं का?’ ही उलट बाजूही तिनं घेतली. सासूबाईंना हातावर स्वतःची मजुरी पहिल्यांदा त्या कामावर मिळाली होती. हे लिहिल्यावर निबंधाला वजन आलं.

एका जागी मात्र ताई थांबली. उन्हाळ्यात टँकर यायचा त्या दिवशी तिची स्वतःची पोरगी शाळा बुडवून हंड्यांच्या रांगेत उभी राहायची. मुलगा शाळेत जायचा. ताई म्हणाली, “हे लिहू का मॅडम? घरातली माणसं काय म्हणतील?” मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या घरचं लिहा म्हणून सांगणं माझ्यासाठी सोपं होतं.

पुढच्या बैठकीत तिनं निबंध मोठ्यानं वाचला. मोठ्यानं वाचलं की अडखळणारं वाक्य आपोआप कळतं, तशी पाच-सहा वाक्यं तिनं तिथंच तोडून लहान केली. पोरीचं वाक्य तिनं लिहिलेलं होतं. सासूबाई समोरच बसलेल्या. वाचताना ताईचा आवाज बारीक झाला. वाचून झाल्यावर कुणीच बोलेना. मग सासूबाई म्हणाल्या, “खरं हाय ते. राहू दे तसंच. मीबी शाळा तशीच सोडली.”

सोमवारी निबंध केंद्रावर गेला. मार्क अजून आलेले नाहीत. ज्यांचे गृहपाठ अडलेत त्यांनी पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी या. वही आणा, प्रश्नपत्रिका आणा, गाईड घरी ठेवा.