पाण्यातली हातोहात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, स्लॅब पडताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खालून वरपर्यंत मजुरांची रांग लागते आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. माणूस जागचा हलत नाही, माल मात्र झपाट्यानं पोचतो. पाण्यातून प्रोटॉन जातो तो काहीसा असाच.

प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा अणू. पाण्यात तो एकटा राहत नाही, एखाद्या रेणूला चिकटतो. त्या रेणूकडे दोनाऐवजी तीन हायड्रोजन होतात. मग तो शेजाऱ्याकडे एक सरकवतो. पण आलेलाच देईल असं नाही, स्वतःजवळचा दुसराही देतो. एक घमेलं घेतलं, हातातलं दुसरं पुढं केलं! म्हणूनच पाण्यात प्रोटॉन सोडियमच्या आयनापेक्षा सुमारे ७ पट वेगानं सरकतो. ग्रोटहूस नावाच्या विशीतल्या तरुणानं ही हातोहातची कल्पना १८०६ साली मांडली. तेव्हा प्रोटॉनचा शोध लागायचा होता आणि पाण्याचं एचटूओ हे सूत्रही ठरलेलं नव्हतं. मला याचं फार नवल वाटतं.

आता याचा आपल्याशी संबंध काय? २०२२ साली पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस लोकांसमोर आली. अशा बसच्या फ्युएल सेलमध्ये प्लास्टिकसारखा एक पातळ पडदा असतो. हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन तारेतून जाऊन मोटर फिरवतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात आणि तिथं ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होतं.

नाफिऑन हा असा प्रसिद्ध पडदा. त्याचा कणा टेफ्लॉनसारखा, पाण्याला दूर लोटणारा. बाजूच्या फांद्यांच्या टोकाला मात्र पाण्याची ओढ असलेले आम्लगट. पडदा ओला झाला की या गटांभोवती पाणी जमतं आणि अतिसूक्ष्म वाटा तयार होतात. पाणी कमी झालं, की रांगेत खिंडार पडतं. मग प्रोटॉनला पाण्याच्या रेणूच्या पाठीवर बसून रेंगाळत जावं लागतं आणि वीज घटते. पाणी जास्त झालं, तर ऑक्सिजनचीच वाट अडते. ओलावा टिकावा म्हणून असे सेल साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवतात.

आणखी एक अडचण आहे. हा पडदा फ्लोरिनयुक्त आहे. त्या कुळातली कित्येक रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं कुजत नाहीत. म्हणून फ्लोरिनविरहित, पण तितक्याच टिकाऊ पडद्याचा शोध जगभर चालू आहे.

तेव्हा, 'या गाडीतून धूर नाही, फक्त पाणी निघतं' असं कुणी सांगितलं, तर आनंद जरूर माना. पण दोन प्रश्न विचारा, असं मी सुचवीन. हायड्रोजन कशापासून आणला? आणि पडदा कशाचा आहे? गाडी किती स्वच्छ, हे त्या उत्तरांवर ठरेल.