व्हॉल्व्ह तापू देत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटे दिली आहेत. त्यातले पहिले अर्धे मिनिट तापायलाच लागेल. आठवतंय ना? प्रार्थनेआधी शिपाईमामा ऑफिसातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा खटका दाबायचे आणि म्हणायचे, "थांबा रे, व्हॉल्व्ह तापू देत." जाळीमागे तांबूस उजेड दिसला की मगच माइकला आवाज यायचा. त्या उजेडाने मला जो नाद लावला, तो अजून सुटलेला नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा ब्लेचली पार्कच्या आवारातले संगणक संग्रहालय पाहिले. तिथे हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली सुरू झालेला डेकाट्रॉन संगणक आजही चालतो. वजन अडीच टन, ८२८ डेकाट्रॉन नळ्या, ४८० रिले. नळीच्या टोकाला नारिंगी ठिपका दहा घरांतून फिरतो. थांबेल ते घर म्हणजे आकडा. यंत्राच्या पोटातली बेरीज चक्क डोळ्यांना दिसते! एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद लागतात. पूर्वी एका गणितज्ञाने हाताखालचे गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली होती. अर्धा तास तो बरोबरीने चालला, मग दमून थांबला. संगणक मात्र चालूच राहिला.

१९५७ नंतर हे यंत्र वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयात गेले आणि १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. पुढे ते सुटे होऊन गोदामात पडले. हौशी स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून, शक्य तितके मूळचेच भाग ठेवून, नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा चालू केले.

मला भलताच हुरूप आला. घरी येऊन माळ्यावरचा वडिलांचा रेडिओ काढला. वीस वर्षे बंद असलेला तो व्हॉल्व्हचा रेडिओ मी सरळ प्लगला जोडला. आधी घुर्र झाले, मग धूर, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. गल्लीतल्या जुन्या मेकॅनिककाकांनी कपाळाला हात लावला. "अरे, इतक्या वर्षांच्या उपाशी माणसाला एकदम पुरणपोळी वाढतात का?" बंद पडलेल्या यंत्रातले जुने कंडेन्सर कमजोर झालेले असतात. ते आधी तपासायचे, खराब झालेले बदलायचे, मग वीजदाब हळूहळू चढवायचा. खटका बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून एक हात नेहमी खिशात. हे सारे काकांनी मला शेजारी बसवून शिकवले. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे.

मित्रहो, सुटे भाग शोधले तर मिळतात. शेजारी बसवून शिकवणारा माणूस गेला की तो मिळत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा संगणक १९६० मध्ये तयार झाला होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. आज तो चालताना पाहायला मिळत नाही. आपल्या पोरांना ते ठिपके, ते तापणे दाखवायचे तर कुठे न्यायचे?

काल शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेलो. आपला अ‍ॅम्प्लिफायर तिथेच आहे, भंगाराच्या यादीत सातव्या क्रमांकावर. बाई, माझी एवढीच विनंती: तो सातवा क्रमांक खोडा. मी आणि काका दर शनिवारी येऊ. आत तीनशे व्होल्ट खेळत असतात, तेव्हा हात आम्हीच घालू; नववीची मुले बघतील, विचारतील, वहीत आकृती काढतील. खर्च माझा. आपल्या तुकडीत कोणाकडे जुने व्हॉल्व्ह पडून असतील तर फेकू नका, मला द्या.

जमले तर पुढच्या मेळाव्याची प्रार्थना त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर होईल. तेव्हा मात्र अर्धा मिनिट लवकर या. व्हॉल्व्ह तापायला हवेत.